राईट हँड स्पोर्ट्स कार परदेशात विकताना आमच्या काकांची झालेली फसवणूक, कृपया वाचा

जुनी ब्रिटिश गाडी बाहेरदेशच्या गिऱ्हाईकाला विकायचा विचार कुणाच्या घरात चालू असेल तर हे शेवटपर्यंत वाचा. बेळगावात आमच्या मोठ्या काकांचे दोन लाख दहा हजार गेलेत, आणि ज्यानं फसवलं तो गाडीबद्दल एक अक्षर खोटं बोलला नाही, खोटं होतं ते फक्त पैशाचं.

गाडी एमजीए, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९५८ ची, लाल रंगाची, आजोबांनी कॅम्पातल्या एका मिलिटरी ऑफिसरकडून घेतलेली, नंबर अजून म्हैसूर राज्याच्या वेळचा. इंजिन १४८९ सीसी बी सिरीज, म्हणजे अँबॅसिडरच्या भावकीतलंच, त्यामुळे उद्यमबागेतल्या मिस्त्रींनी इतकी वर्षं चालती ठेवली, नाहीतर पार्ट आणायचे कुठनं. घरात वाटणी झाली, शेत वाटता येतं, गाडी कशी वाटणार, म्हणून विकायची ठरली.

जाहिरात टाकली आणि इंग्लंडमधनं म्हणून एक मेल आला. माणूस फार अभ्यासू वाटला. म्हणाला, एमजीए बनल्या एक लाखाच्या वर, पण खुद्द ब्रिटनमध्ये सहा हजारसुद्धा विकल्या गेल्या नाहीत, बहुतेक अमेरिकेला लेफ्ट हँड होऊन गेल्या, म्हणून मूळची राईट हँड मिळत नाही आणि मला तीच पाहिजे. हे खरंच आहे. मग म्हणाला तीस वर्षांवरची गाडी मूळ स्थितीत असली तर आमच्याकडे आयात शुल्क लागत नाही, व्हॅट फक्त ५ टक्के. हेही खरंच. आम्ही एकेक गोष्ट तपासत गेलो, एकेक बरोबर निघत गेली आणि तसा काकांचा विश्वास वाढत गेला. अहो पण ही माहिती कुणालाही वाचून मिळते! त्यानं काय विचारलं नाही ते बघा. ह्या गाडीचा फ्लोअर लाकडी फळ्यांचा असतो, दरवाजाखालचे सिल आतनं गंजतात, खरं गिऱ्हाईक आधी तिथले फोटो मागतं, खालनं व्हिडिओ काढायला लावतं, ओळखीचा माणूस बघायला पाठवतं. यानं मागितलं आरसी, काकांचं आधार आणि चेसिस नंबरचा फोटो. भाव पण केला नाही, वीस हजार पौंड म्हटलं, लगेच हो.

पुढचा खेळ असा. त्यानं मेल केला की गाडीचे आणि जहाजाचे पैसे एकदमच तुमच्या खात्यावर पाठवलेत, जहाजाचे तेवढे माझ्या शिपिंग एजंटला तुम्ही द्या. सोबत बँकेची स्विफ्ट कॉपी, म्हणजे परदेशातनं पैसे पाठवल्याची पावती, शिक्का, सही, लांबलचक नंबर, सगळं. दुसऱ्याच दिवशी एजंटचा फोन, न्हावा शेवावरनं बोलतोय म्हणून, आणि मराठीत, अगदी गोड मराठीत. आपल्या सीमाभागात बाहेरचा माणूस फोनवर मराठी बोलला की आपल्याला घरचा वाटतो, हे त्या लोकांना चांगलं माहीत असावं. म्हणाला, परदेशी पैसे जमा व्हायला चार-पाच दिवस लागतात काका, पण कंटेनरची बुकिंग आज नाही केली तर जहाज जाईल. काकांनी भरले. मग मेल आला की रक्कम रिझर्व्ह बँकेत अडकली, फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या क्लिअरन्सची फी भरा. तेव्हा काकू म्हणाल्या, "आपलेच पैसे घ्यायला आपणच पैसे भरायचे, हे काय करालाय तुम्ही? आधी बँकेत जाऊन विचारा की."

बँकेतल्या बाईंनी दोन मिनिटात सांगितलं, असं काही आलेलं नाही आणि येणारही नाही. हे नीट लक्षात घ्या. स्विफ्ट कॉपी म्हणजे पैसे नव्हेत, ती कुणीही घरी बसून बनवतो. खऱ्या ट्रान्सफरला तिचा माग काढायचा छत्तीस अक्षरांचा यूईटीआर नंबर असतो, तो घेऊन आपल्याच बँकेच्या फॉरेक्सवाल्यांकडे जायचं, ते शोधून सांगतात. रिझर्व्ह बँक तुमच्या-आमच्या नावाचे पैसे अडवून फी मागत नाही, कधीच नाही. आणि खरा क्लिअरिंग एजंट आधी विचारतो तुमच्याकडे आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा सरकारी नंबर आहे का, आरटीओची एनओसी काढली का, कारण त्याशिवाय शिपिंग बिल, म्हणजे कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागदच होत नाही. त्याला कस्टम्स ब्रोकरचं लायसन्स असतं, नंबर मागा. या माणसानं आयईसीचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला, सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पोलिसांनी जबाब कानडीत लिहून घेतला आणि काकांना मराठीत वाचून दाखवला. पैसे इथल्याच देशातल्या कुणाच्या तरी खात्यात गेले होते, त्यातले थोडे गोठवले गेले, बाकी लगेच काढलेले. असं काही झालं तर तासाभरात १९३० ला लावा, उद्यावर टाकू नका.

मला वाटलं इथं संपलं. पण एका रविवारी गडहिंग्लजचा एक तरुण दारात उभा, गाडी न्यायला आलोय म्हणाला, चाळीस हजार टोकन दिलंय. मोबाईलवर जाहिरात दाखवली तर आमचीच गाडी, आमच्याच अंगणात, आमची आरसी आणि काकांचं आधार, फोन नंबर तेवढा दुसरा. बिचारा काकांनाच चोर समजून चढ्या आवाजात बोलत होता आणि काका पंचाहत्तरीचे, हात जोडून उभे. ते बघवलं नाही. नंतर त्याला बसवलं, सगळं दाखवलं, त्याचीही तक्रार आमच्या तक्रारीला जोडली. म्हणून सांगतोय, बघायला न आलेल्या कुणालाही आरसी-आधार पाठवू नका, पाठवायचंच झालं तर कॉपीवर आडवं लिहा कुणासाठी आणि कोणत्या तारखेला.

ती जाहिरात अजून वेगवेगळ्या नावांनी फिरतेय. लाल एमजीए, तारेची चाकं, मागं कौलारू घर आणि नारळाचं झाड. ती गाडी विकायला नाही, कुणी टोकन मागितलं तर एक रुपया देऊ नका, आणि स्क्रीनशॉट मिळाला तर काढून ठेवा, पोलिसांना द्यायचाय.