निळ्या रंगाखाली भलताच पत्रा

मालवण-देवगडकडे कौलं उतरवून पत्रे घालायच्या बेतात असाल, तर आमचं काय झालं ते वाचा.

दुकानदाराने सांगितलं, "गॅल्व्हल्यूम आहे, एझेड १५०, जाडी ०.५० मिलिमीटर." काउंटरवरच्या नमुन्याच्या मागे तसा छापही होता. गॅल्व्हल्यूम म्हणजे ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप दिलेला पोलादी पत्रा, आणि एझेड १५० म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम लेप. त्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम, उरलेलं जवळपास सगळं जस्त आणि थोडं सिलिकॉन. खाऱ्या हवेत साध्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा हा जास्त टिकतो, म्हणून दरही चढा दिला.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर वळचणीकडच्या कडांना रंग फुगायला लागला. नखाने खरवडलं की पापुद्रा निघायचा, खाली लालभडक गंज. स्क्रूच्या भोवतीही तेच. आणि मधला निळा रंग मात्र नव्यासारखा चकचकीत! दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "दर्याकडे खयचोय पत्रो गंजतलोच." मग शेजाऱ्यांचे आमच्या आधीचे पत्रे अजून धडधाकट कसे, यावर तो गप्प.

एक पत्रा उतरवला. मागे छाप नाहीच. वजनकाट्यावर टाकला. १२२० मिलिमीटर रुंदीच्या कॉइलमधून, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीतून, निघालेला ०.५० चा दहा फुटी पत्रा साडेतेरा किलोच्या आसपास भरायला हवा. आमचा जेमतेम दहा. प्रयोगशाळेत तुकड्याचा रंग काढून, लेप आम्लात विरघळवून आधीचं-नंतरचं वजन केलं, तर १५० ग्रॅमच्या निम्माही लेप निघाला नाही. एवढा पातळ लेप कापलेल्या कडेला आधी संपतो, मग गंज रंगाखालून आत सरकतो.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. अडचण पावतीची. तिच्यावर फक्त "रंगीत पत्रे" आणि नग एवढंच. लेपाचे ग्रॅम, जाडी आणि ती लेपासकट की नुसत्या पोलादाची, हे सगळं बिलावर लिहून घ्या. गाडी आली की प्रत्येक पत्रा उलटून छाप बघा आणि एक तरी काट्यावर ठेवा. फिटर घाई करतो, करू दे.

आणि गोठ्यावर घालणार असाल, तर गॅरंटी कार्डाची मागची बाजू वाचा. शेण-मुताच्या वाफेत अमोनिया असतो. खऱ्या एझेड १५० वरही कंपन्या बहुधा गोठ्यासाठी गॅरंटी देत नाहीत.