सेरेब्रल पाल्सी असलेल्या लेकीसाठी बनवून घेतलेली खुर्ची: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

खुर्ची घ्यावी की नको एवढंच विचारायचं असेल तर घ्या. पण मापं घेऊन बनवलेलीच घ्या, आणि घरात मुलाला दिवसभर जे सांभाळतात त्यांच्या हातून ती चालवून बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बाकीचं सविस्तर लिहितोय, कारण आमच्या खानापूर भागात अशी खुर्ची वापरणारं घर मला शोधूनही सापडलं नव्हतं.

लेक सहा वर्षांची. सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूतल्या दोषामुळं स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. हिचे हात-पाय कडक, मान धरते, पण आधाराशिवाय बसत नाही. मुलाला स्वतःहून किती हालचाल जमते हे सांगणाऱ्या जीएमएफसीएस या मोजपट्टीच्या पाच पातळ्यांमध्ये चौथी, पाचवी सगळ्यात गंभीर. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपला आहे, त्यामुळं कुठलीही वस्तू हातात आली की आधी नट-बोल्ट बघायची खोड.

बेळगावच्या थेरपिस्ट मॅडमनी मापं घ्यायला सुरुवात केली ती कंबरेपासून. कंबर सरळ बसली नाही तर वरची पाठ, मान, हात काहीच जागेवर येत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते पुढं रोज पटत गेलं. कंबर, गुडघा, घोटा, तिन्हीकडं काटकोन. बसायच्या फळीची मागून पुढपर्यंतची लांबी कुल्ल्याच्या मागून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत, त्यातून दोन बोटं कमी. बैठक पुढून जराशी उचललेली, कारण अंग ताणलं की पोर पुढं घसरते. पट्टा पोटावर नाही, मांड्यांच्या मुळाशी, साधारण 45 अंशात तिरका. दोन मांड्यांच्या मध्ये एक ठोकळा असतो, तो पाय एकमेकांवर आवळले जाऊ नयेत म्हणून. घसरणं थांबवायचं काम त्याचं नव्हे, ते पट्ट्याचं आणि बैठकीच्या उताराचं. आधीच्या तयार खुर्चीत नेमकं उलटं व्हायचं. लेक घसरत जाऊन ठोकळ्याला टेकायची आणि रडायला लागायची. आम्हाला वाटायचं तिला खुर्चीच नको आहे.

फरक दिसला तो हातांत. पूर्वी सगळं बळ अंग सावरण्यात जायचं. आता कोपराच्या उंचीवर ट्रे आहे, त्याला कडेनं पट्टी मारून घेतलीय. त्यावर चुरमुरे टाकले की ती तळहात सपाट फिरवते, कडेपर्यंत ढकलत नेते आणि पट्टीला अडलेला एखादा चुरमुरा बोटांत पकडते. तोंडापर्यंत पोचतो तो तिसरा-चौथा, पण तो तिचा तिनं खाल्लेला. पट्टी नसती तर सगळे खाली सांडले असते. एवढीशी प्लायची पट्टी, पण मूळ डिझाइनमध्ये ती नव्हती. जेवतानाचा ठसकाही बराच कमी झालाय. हनुवटी किंचित खाली राहते, आ वासून मान मागं टाकणं थांबलं.

आता तक्रारी.

पाठीचा कोन बदलायला एलन की लागायची. बनवणाऱ्यांनी विचार केला असेल की एकदा सेट केलं की झालं. तसं होत नाही. जेवताना पाठ ताठ हवी, दुपारी थकली की थोडी मागं. माझी आई म्हणाली, "तू जातोस कामाला. मी पाना शोधत बसू की पोरीला भरवू?" आणि तिनं खुर्ची वापरणंच सोडलं. काही दिवस खुर्चीवर धुतलेले कपडे पडून होते. मी तिथं हातानं फिरवायचे स्टार नॉब आणि ठरावीक भोकांत बसणारी स्प्रिंगची पिन लावली, भोकांना लाल-पिवळा रंग दिला: पिवळं जेवायला, लाल आरामाला. त्या दिवसापासून खुर्ची परत सुरू. डिझाइन करणाऱ्यांनी थेरपिस्टला विचारलं, मला विचारलं, आईला कुणी विचारलं नव्हतं, आणि दिवसभर वापरणारी तीच.

दुसरं म्हणजे उंची. आमच्याकडं जेवण जमिनीवर. सगळे खाली आणि ही एकटी वर, टेबलापाशी बसल्यासारखी. बैठक चाकांच्या सांगाड्यावरून सुटी करून खाली बुटक्या पाटावर बसवता येईल असं करून घेतलं. मागितलं म्हणून मिळालं. मुळातच तसं असायला हवं.

तिसरा पाऊस. आमचं गाव जांबोटीच्या बाजूला, जूनपासून घरात ओल. साध्या लोखंडी बोल्टना पहिल्याच पावसाळ्यात गंज. स्टेनलेसचे बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहसा सैल न होणारे) घाला, खर्चात फार फरक पडत नाही. फोमवर कापड नको, रेग्झीन हवं, पण त्यात मांड्या घामेजतात. मधून जुन्या सुती लुगड्याची घडी टाकतो, हा आईचा शोध. छोटी पुढची चाकं अंगणातल्या लाल चिखलात रुततात, त्यावर उपाय नाही, उचलूनच न्यायची.

पैशांचं: दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना 1981 पासून आहे. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त आणि उत्पन्न मर्यादेत असेल तर साधन मिळतं. एकदा घेतलं की पुढच्यासाठी तीन वर्षं थांबावं लागतं, पण 12 वर्षांखालच्या मुलांना एकच वर्ष. हे फार कमी आई-बापांना माहीत असतं आणि वाढत्या मुलासाठी तेच कामाचं आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आधी काढून ठेवा. आमच्याकडं अर्ज कानडीत आला, शेजारच्या अंगणवाडीच्या बाईंनी भरून दिला.

खुर्ची आली म्हणून खुब्याचा एक्स-रे टाळू नका. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण तिघांतल्या एका मुलाचा खुबा हळूहळू जागेवरून सरकतो, आणि बरेचदा दुखायला लागेपर्यंत बाहेरून कळत नाही. आमचे डॉक्टर ठरावीक काळानं फोटो काढायला लावतात.

सध्या बसायच्या फळीची लांबी कमी पडायला लागलीय, दोन बोटांच्या जागी चार बोटं मोकळी दिसतात. आतली फळी पुढं सरकवायला सोय ठेवलीय, अजून दोन खाचा शिल्लक आहेत. प्रवासाचं मात्र जमलेलं नाही. लाल बसच्या पायऱ्या चढवून ही खुर्ची आत नेणं एकट्याचं काम नव्हे, आणि नेली तरी ठेवायला जागा नाही. बेळगावला थेरपीला जाताना लेक अजून माझ्या मांडीवरच असते.