माझ्या नावाने दुसरेच कोणी बोलत होते

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. वडिलांच्या काळात सगळा माल वाशीच्या बाजारात दलालाकडे जात असे. पुढे आम्ही थोड्या पेट्या थेट ग्राहकांच्या घरी पाठवू लागलो आणि 2019 मध्ये माझ्या भाचीने इन्स्टाग्रामवर बागेचे पेज काढून दिले. 2023च्या हंगामात त्या पेजवरून दीडशेच्या वर पेट्या गेल्या. तोपर्यंत पेजवर 2,140 फॉलोअर होते आणि त्यांतील बहुतेकांना मी नावाने किंवा निदान पत्त्याने ओळखत होतो.

त्याच वर्षी मोहोर येण्याच्या सुमारास मला एक फोन आला. बोलणारा तरुण मराठीच होता आणि त्याने आमचे पेज नीट पाहिलेले होते. ‘सर, तुमचा माल अस्सल आहे, पण पेज बघून तसे वाटत नाही,’ असे तो म्हणाला. हे वाक्य मला लागले. कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने पेटीत भरून विकणारी, चाळीस-पन्नास हजार फॉलोअर असलेली पेजेस मी रोज पाहत होतो आणि ग्राहक तो आकडा पाहून विश्वास ठेवतात याचा मला राग येत असे. तसाच आकडा आपल्याकडे असावा असे मला वाटले, ही माझी पहिली चूक. ती लपवण्यात अर्थ नाही.

त्याच्या म्हणण्यानुसार त्यांचे सॉफ्टवेअर खोटे फॉलोअर आणत नव्हते. पुण्या-मुंबईतल्या ज्या लोकांनी इतर आंबेवाल्यांना फॉलो केले आहे त्यांना आमच्या पेजवरून आपोआप फॉलो करायचे, त्यांच्या पोस्टला लाइक द्यायचे, मधूनमधून एखादी कमेंट टाकायची, म्हणजे त्यांतील काही जण कुतूहलाने आम्हाला फॉलो करतील आणि जे करणार नाहीत त्यांना चार दिवसांनी सोडून द्यायचे, अशी ती रीत होती. इन्स्टाग्रामवर एका खात्याला 7,500 पेक्षा जास्त खाती फॉलो करता येत नाहीत, त्यामुळे हे धरणे-सोडणे रात्रंदिवस चालवावे लागते आणि माणसाच्या हाताने ते होत नाही, हेही त्याने समजावून सांगितले. रीतीच्या या वर्णनात काहीच खोटे नव्हते, आणि म्हणूनच मी फसलो.

यासाठी त्याला पेजचा पासवर्ड हवा होता. शिवाय दोन टप्प्यांची पडताळणी बंद करायची होती, कारण दर वेळी ओटीपी मागितला गेला तर सॉफ्टवेअर अडते. बाग राखणीला देतानाही आम्ही राखणदाराचे गाव, घर, ओळखीपाळखी विचारून घेतो. इथे मी ज्याचे पूर्ण नावही मला ठाऊक नव्हते त्याला व्हॉट्सॲपवर पासवर्ड लिहून पाठवला. त्या संभाषणात त्याने संदेश चोवीस तासांत आपोआप पुसले जाण्याची सोय सुरू करून ठेवली होती. ‘तुमच्याच सुरक्षेसाठी,’ असे त्याने सांगितले आणि मला ते पटलेही.

पहिल्या आठवड्याचे 99 रुपये होते. ते भरताना यूपीआयवर ऑटोपेची मंजुरी मागितली गेली आणि मी पिन टाकला. मंजुरीच्या त्या चौकटीत खाली ‘कमाल रक्कम 4,999’ असे लिहिलेले होते. ते मी वाचले, पण कमाल म्हणजे कधीतरी लागणारी रक्कम असेल असे समजून पुढे गेलो. डिसेंबरात 999 गेले, जानेवारीत 4,999 गेले आणि फेब्रुवारीतही तेवढेच गेले. अशी मंजुरी एकदा दिली की 15,000 रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या हप्त्यांना पुन्हा पिन लागत नाही. आदल्या दिवशी सूचनेचा संदेश येतो खरा, पण फवारणीच्या धावपळीत बँकेचे संदेश उघडून कोण पाहतो? आपल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट या नावाचे पान असते, तिथे कोणकोणत्या मंजुऱ्या चालू आहेत ते दिसते आणि तिथूनच त्या रद्द करता येतात. हे पान मी मार्चमध्ये पहिल्यांदा उघडले.

आकडा मात्र वाढला. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत फॉलोअर 17,800 झाले. भाचीने पेजची आकडेवारी उघडून दाखवली तेव्हा फॉलोअरांच्या शहरांत पुण्याच्या वर जकार्ता आणि साओ पावलो होते. ब्राझीलमध्ये आमची पेटी कोण मागवणार होते? शिवाय, पूर्वी मोहोराच्या साध्या फोटोला तीनशे लाइक येत, ते आता नव्वदवर आले होते. नवी पोस्ट आधी थोड्या लोकांना दाखवून त्यांचा प्रतिसाद पाहिला जातो आणि तो मिळाला तर ती पुढे पसरते. आमची पोस्ट ज्यांना दाखवली जात होती त्यांतली बरीचशी खाती कोणा माणसाची नव्हतीच.

तोपर्यंत हे पैशांचे नुकसान होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात डोंबिवलीहून आमच्या एका जुन्या ग्राहकांचा फोन आला. सात वर्षे ते न चुकता पाच डझनाची पेटी घेत असत. त्यांनी आवाज चढवला नाही. ‘काका, माझे वडील गेले. मी फोटो टाकला आणि त्याखाली तुमच्या बागेच्या नावाने आले आहे, एकच नंबर, असेच चालू ठेवा,’ असे ते म्हणाले. मी फोन हातात धरून तसाच उभा राहिलो. हार घातलेल्या फोटोखाली, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिणाऱ्या वीस-पंचवीस माणसांच्या मध्ये, आमच्या पेजची ती कमेंट होती आणि पुढे आगीची दोन चिन्हे होती. यंत्राने शब्द वाचले नव्हते. यादीतल्या चार-पाच वाक्यांतले एक टाकून ते पुढे गेले होते. मी क्षमा मागितली, सॉफ्टवेअरचे सांगितले. त्यावर ते म्हणाले, ‘म्हणजे इतके दिवस आमच्याशी तुम्ही बोलतच नव्हता का?’

त्याच दिवशी मी ऑटोपे रद्द केले आणि त्या तरुणाला काम थांबवायला सांगितले. तो ‘बरं सर’ म्हणाला. पासवर्ड लगेच बदलायला हवा होता, तो भाची आली की बदलू म्हणून राहून गेला. दोन दिवसांनी आमच्याच पेजमध्ये आम्हाला प्रवेश मिळेना. पेजचा ईमेल बदलला गेला की इन्स्टाग्राम जुन्या ईमेलवर कळवते आणि तो बदल मागे घेण्याची लिंकही देते. तसा ईमेल आलाही होता, पण आमचा तो ईमेल वर्षातून दोनदा उघडला जाणारा होता. खाते परत मिळवताना चेहऱ्याचा व्हिडिओ मागितला जातो आणि तो पेजवरील फोटोंशी ताडून पाहतात. आमच्या पेजवर पाच वर्षांत आंबे, कलमे, अढी आणि पेट्या होत्या. माझा चेहरा एकदाही नव्हता.

पाडव्यानंतर, म्हणजे 2024च्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, त्या पेजवर अक्षय्य तृतीयेची जाहिरात झळकली. एका पेटीवर एक पेटी मोफत, आगाऊ नोंदणी आवश्यक, आणि खाली क्यूआर कोड. फोटो आमच्याच बागेचे होते. अकरा जणांनी पैसे भरले. त्यांतील नऊ जण आमचे जुने ग्राहक होते, आणि त्यांनी विश्वास ठेवला तो 17,800 या आकड्यावर नव्हे, बागेच्या नावावर.

पहिल्या ग्राहकाने पेटी कधी येणार असे विचारले तेव्हा हे उघडकीस आले. आम्ही प्रत्येकाला 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायला आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवायला सांगितले. ज्या एका ग्राहक ताईंनी पैसे भरून तासाभरात संशय येऊन आधीच तक्रार केली होती, त्यांचेच पैसे समोरच्या खात्यात गोठवता आले. बाकीच्यांचे पैसे तोवर पुढच्या खात्यांत निघून गेले होते. पोलिसांनी व्यवहाराचा क्रमांक, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पेजचा पूर्ण पत्ता मागितला, ते आमच्याकडे होते. त्या तरुणाशी झालेले संभाषण मागितले, ते मात्र पुसले गेले होते. त्या दहा जणांच्या पेट्या मी माझ्या बागेतून पाठवल्या.

याच काळात एकाने संदेश पाठवून सहा हजारांत खाते परत मिळवून देण्याची तयारी दाखवली. पेज गेल्याचे मी कुठेही जाहीर केलेले नव्हते, तरी त्याला ते माहीत होते. असे संदेश खाते गमावलेल्या प्रत्येकाला येतात असे पोलिसांकडूनच कळले. एकदा फसलेला माणूस घाईत असतो, हे या मंडळींना पक्के ठाऊक असते.

नंतर वाचले तेव्हा लक्षात आले की यात नवीन काहीच नव्हते. अशी काही प्रसिद्ध सॉफ्टवेअरे 2017 मध्येच बंद झाली होती, 2018च्या नोव्हेंबरात अशा मार्गाने आलेले लाइक, फॉलो आणि कमेंट काढून टाकण्याचे इन्स्टाग्रामने जाहीर केले होते, आणि 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी खोटे फॉलोअर विकणाऱ्यांविरुद्ध तपास करून अटकही केली होती. पोस्टची वेळ आधी ठरवून ठेवणे किंवा चौकशीला ठरावीक उत्तर पाठवणे यासाठी अधिकृत सोयी आहेत आणि त्यांना पासवर्ड सांगावा लागत नाही, परवानगी इन्स्टाग्रामच्याच पानावर दिली जाते. कोणी पासवर्ड लिहून मागितला किंवा दोन टप्प्यांची पडताळणी बंद करायला सांगितली, तर तिथेच फोन ठेवावा.

भाचीने आता नवे पेज काढले आहे. त्यावरच्या पहिल्या व्हिडिओत मी स्वतः बोलतो, कॅमेऱ्यासमोर अवघडून का होईना. जुने ग्राहक एकेक करून परत जोडले जात आहेत आणि पैसे पाठवण्याआधी फोन करून माझा आवाज ऐकतात. डोंबिवलीच्या त्या ग्राहकांना मी हंगामाच्या सुरुवातीला पत्र लिहिले होते. त्यांची पेटीची मागणी त्यानंतर आलेली नाही.