आंब्याच्या पेटीसाठी नोंदणी: पासवर्ड की ओटीपी?

देवगड-रत्नागिरीचे कितीतरी बागायतदार आता हापूसची पेटी थेट ग्राहकाला विकतात. मग प्रश्न येतो नोंदणीचा: आधी ईमेल-पासवर्डचं खातं, की नुसता मोबाइल नंबर आणि ओटीपी?

पासवर्डवाल्या फॉर्मात माणूस भाव बघण्याआधीच अडकतो. एक चिन्ह हवं, एक आकडा हवा. चुकलं की लाल अक्षरं, आणि कधी कधी भरलेलं सगळं पुसलं जातं. वर्षातून एकदाच आंबे मागवणाऱ्याला पुढच्या एप्रिलमध्ये तो पासवर्ड आठवणार कसा? खातं हवंच असेल तर ऑर्डर झाल्यावर विचारा.

ओटीपीत रकाना एकच. नंबर टाकताना आकड्यांचाच कीबोर्ड उघडावा, आलेला कोड फोननेच सुचवावा. पत्त्यात पिनकोड आधी घ्या. त्या 6 आकड्यांवरून जिल्हा आणि राज्य बहुतेक वेळा आपोआप भरता येतं. खरी अडचण रेंजची. डोंगराआडच्या वाडीत एसएमएस रखडतो, म्हणून कोडची मुदत 30 सेकंदांची नको, आणि पान बंद पडलं तरी भरलेली माहिती टिकलीच पाहिजे. परदेशातून गावच्या घरी पेटी पाठवणाऱ्यांना कोड ईमेलवर मिळावा.

घरगुती ग्राहकासाठी मी ओटीपीच निवडेन. घाऊक व्यापाऱ्याला मात्र जुनी बिलं लागतात, त्याला खातं बरं.