योग्याकर्तात बाटिक घ्यायचंय: बेरिंगहार्जो की गिरीलोयो?

इंडोनेशियात योग्याकर्ताला गेलेले बहुतेक जण बाटिकसाठी, म्हणजे मेणाची नक्षी काढून रंगवलेल्या कापडासाठी, मालिओबोरो रस्त्याच्या टोकाला असलेल्या बेरिंगहार्जो मार्केटमध्येच शिरतात आणि त्यात चूक काहीच नाही, ऑफिसात, नातेवाइकांत वाटायला शर्ट, पिशव्या, ओढण्या ढिगाने मिळतात, घासाघीस पण चालते. फक्त तिथला स्वस्त माल बहुतेक छापील असतो. कापड उलटून बघा, मागची बाजू फिकी दिसली की समजायचं प्रिंट आहे.

गिरीलोयो हे गाव योग्याकर्ता शहराच्या दक्षिणेला, इमोगिरीजवळ. इथे बायका चांतिंगने, म्हणजे तांबे धातूच्या बारीक तोटीने, गरम मेणाची नक्षी काढत बसलेल्या असतात, मधेच तोटीवर हळूच फुंकर मारतात म्हणजे मेण अडकत नाही. मग रंग, मग मेण उकळून काढायचं, परत मेण, परत रंग, एका कापडाला कितीतरी आठवडे जातात हो! 2009 मध्ये युनेस्कोने इंडोनेशियन बाटिकला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं ते याच हातकामासाठी, त्यामुळे मला तरी इथे भाव पाडून मागवत नाही.

दहा जणांना द्यायचंय तर बेरिंगहार्जो, आईसाठी एकच जपून ठेवण्यासारखं हवं तर सरळ गिरीलोयो. बजेट मधलं असेल तर तांब्याच्या ठशाचं 'चाप' बाटिक मागा, तेही मेणाचंच असतं आणि मार्केटमध्ये मिळतं.