ट्रॉम्सोची अरोरा सहल : गाइड उत्तम, बूट अपुरे

फेब्रुवारीत आई, पत्नी आणि मी नॉर्वेतील ट्रॉम्सो शहरातून नॉर्दर्न लाइट्स, म्हणजेच अरोरा हा आकाशातला ध्रुवीय प्रकाश, पाहण्यासाठी मिनीबसने जी रात्रीची सहल घेतली, तिला मी पाचपैकी चार तारे देतो आणि त्यांतले निदान तीन आमच्या गाइडचे आहेत.

संध्याकाळी शहरावर ढग दाटलेले होते आणि मोबाइलवर केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळीचे 0 ते 9 असे माप; आकडा मोठा तितका अरोरा जोरदार) जेमतेम 2 दिसत होता, त्यामुळे मी मनातून आशा सोडली होती. ट्रॉम्सो अरोराच्या पट्ट्याखालीच येत असल्याने तिथे 2 सुद्धा पुरतो, खरी अडचण ढगांची असते, हे गाइडने बस सुटण्यापूर्वीच समजावून सांगितले. उपग्रहाची चित्रे पाहून त्याने गाडी फिनलंडच्या सीमेकडे, सुमारे दोन तासांवरच्या शिबोत्न खोऱ्यात नेली. आपल्याकडे घाटमाथा ओलांडला की जसा पाऊस तुटतो, तशी समुद्रावरची ओलसर हवा लिंगेनच्या डोंगरांत अडते आणि पलीकडचे आकाश पुष्कळदा निरभ्र मिळते. आम्हालाही ते मिळाले.

साडेनऊच्या सुमारास उत्तरेला एक पांढरट पट्टा दिसला, तो मला ढगच वाटला. गाइडने ट्रायपॉडवरून आठ सेकंदांचा फोटो काढला, तेव्हा कॅमेऱ्यात तोच पट्टा पोपटी उमटला. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत. पुढे तेज इतके वाढले की हिरवा रंग नुसत्या डोळ्यांनी दिसू लागला आणि पट्ट्याची खालची कड झालरीसारखी सळसळू लागली. शंभर किलोमीटरहून उंचावरच्या ऑक्सिजनवर वेगवान इलेक्ट्रॉन आदळून हा रंग उमटतो, हे मला ठाऊक होते, तरीही त्या वेळी तोंडून शब्द फुटला नाही.

एक तारा कापला तो बुटांसाठी. थंडीचे कपडे आणि बूट भाड्यातच धरलेले होते आणि आईच्या पायाचे माप आम्ही आठवडाभर आधी कळवले होते, तरी तिच्या वाट्याला दोन नंबर मोठे बूट आले. उणे 18 अंशांत बर्फावर उभे राहिल्यावर पंधरा मिनिटांत तिची बोटे बधिर झाली. गाइडने स्वतःचे लोकरी मोजे काढून दिले, गरम चॉकलेट पाजले, पण कंपनीने माप पाहून बूट ठेवले असते तर ही वेळच आली नसती. वयस्कर माणसे बरोबर असतील तर बूट शहरातच घालून पाहावेत आणि लोकरी मोज्यांचा जास्तीचा जोड जवळ ठेवावा.

फोटो दुसऱ्या दिवशी ईमेलने आले आणि ते सुरेख आहेत. आई मात्र एकाही फोटोत नाही. त्या वेळी ती बसमध्ये पाय चोळत बसली होती.