हवाईची दोन बेटं, दोन कोंडो आणि आमचे २,३८,४१० रुपये

दोन लाख अडतीस हजार चारशे दहा रुपये. पुण्यातल्याच एका माणसाने आमच्याकडून हे पैसे घेतले आणि हवाईतल्या ज्या दोन घरांसाठी घेतले त्यांच्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. "हे लिहू नकोस, चारचौघांत शोभा होईल," असं घरातून सांगून झालं. होऊ दे. मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांच्या ग्रुपमध्ये हा माणूस अजून फिरतोय, म्हणून लिहितेय.

फोटो एकाचे, खातं दुसऱ्याचं, फोन तिसऱ्याच्या नावावर, ही तऱ्हा सगळ्यांना माहीत असते. मलाही होती. मी आजवर कुणाला ओटीपी सांगितलेला नाही, अनोळखी लिंक उघडलेली नाही, आणि माझी सगळी नोकरी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. पण हा माणूस अनोळखी म्हणून आलाच नाही. स्वच्छ मराठी, "काकू, तुम्ही काळजी करू नका," भांडारकर रस्त्यावरच्या कॅफेत समोरासमोर भेट, हातात फाइल. अशा माणसाला कोण चोर समजेल?

आमचा बेत असा. मुलगा आणि सून कॅलिफोर्नियात. आम्ही दोघं आणि व्याही-विहीणबाई मे महिन्यात तिकडे जाणार आणि तिथून सहा जण मिळून नऊ रात्री हवाईला. हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेला कोंडो, म्हणजे भाड्याने मिळणारा फ्लॅट, हवा, कारण व्याह्यांचं पथ्य आणि विहीणबाईंचे उपास. इथवर सगळ्यांचं एकमत. पण बेटं कोणती, आणि कुठे किती रात्री, यावर घरात रोज वाद. ह्यांना माउई हवं होतं, तिथला हालेआकालावरचा सूर्योदय बघायचा होता. विहीणबाईंना कवाई, कारण तिथे शंकराचं ते पांढऱ्या ग्रॅनाइटचं मंदिर आहे, ज्याचे दगड बंगळूरजवळ कोरून नेलेत. मुलाचं म्हणणं, बेट बदललं की अर्धा दिवस पाण्यात. सकाळी घर सोडा, विमान धरा, पुन्हा भाड्याची गाडी घ्या, दुसऱ्या घराची किल्ली मिळायला दुपार उलटते. शिवाय क्लीनिंग फी रात्रींवर नसते, मुक्कामावर असते. दोन घरं म्हणजे दोनदा. त्यामुळे एका बेटावर चारपेक्षा कमी रात्री नकोत आणि तिसरं बेट तर नकोच, असं त्याने बजावलं होतं.

नेमकी हीच दुखरी नस त्या माणसाने पकडली. माझ्या मामेभावाचे दोन्हीकडे कोंडो आहेत, म्हणाला. माउईला किहेईत आणि कवाईला दक्षिणेकडे पोइपूला. "उत्तरेला प्रिन्सव्हिलला घेऊ नका काकू, तिकडे पाऊस जास्त." हे खरं आहे, मुलानेही तेच सांगितलं होतं. हालेआकाला तीन हजार मीटरच्या वर आहे, सूर्योदयाला स्वेटर न्या, गाडीची नोंदणी आधीच करून ठेवा, हेही खरं. पाच रात्री माउई, चार कवाई, घरमालक एकच म्हणून क्लीनिंग फी एकदाच. ज्यावरून घरात भांडणं चालली होती त्याचं उत्तर तयार ताटात वाढून आलं. जी माहिती कुणीही तासाभरात गोळा करू शकतो, ती ऐकून आम्ही त्याला जाणकार मानलं.

आता तो व्हिडिओ कॉल. अजून झोप उडते ती याच्यामुळे.

पैसे देण्याआधी घर बघायचं, असा आग्रह मीच धरला होता, हे लक्षात घ्या. "माउईच्या केअरटेकरला लाइव्ह लावून देतो," म्हणाला. आमच्याच दिवाणखान्यात, दुपारी साडेचारला. ह्यांनी फोन टीपॉयवरच्या डब्याला टेकवून ठेवला होता, व्याही मुद्दाम चहाला आले होते. समोर बाल्कनी, खाली तरणतलाव, पाण्यावर डोळे दिपवणारं ऊन, नारळाच्या झावळ्यांची सावली फरशीवर. मागे एक बाई निळ्या बादलीत मॉप पिळत होती. केअरटेकरने ओट्याचे ड्रॉवर उघडून दाखवले, फ्रीज उघडला, मी सांगितलं तसा बाथरूमचा नळसुद्धा सोडून दाखवला. यापेक्षा माणसाने आणखी काय खात्री करून घ्यायची?

पुण्यात दुपारचे साडेचार म्हणजे हवाईत रात्रीचा एक. आपण त्यांच्या साडेपंधरा तास पुढे. रात्री एकला तरणतलावावर ऊन!

मुलाकडे सकाळ झाली का, त्याचं ऑफिस सुटलं का, हा हिशेब मी झोपेतही करते. कॅलिफोर्नियाचं घड्याळ माझ्या डोक्यात कायम चालू असतं. पण त्या दुपारी चार डोकी एका फोनवर वाकलेली, विहीणबाई विचारतायत कुकर आहे का, हे विचारतायत समुद्र किती लांब, आणि तो माणूस "बघा काकू, बघा" करत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेतोय. तुम्हाला विचार करायला उसंत मिळू नये हीच तर त्यांची रीत. चौघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की तिथे आत्ता किती वाजलेत. ते घर गोव्यात होतं की आणखी कुठे, कोण जाणे. परदेशातलं घर कुणी लाइव्ह दाखवलं तर आधी तिथली वेळ बघा. बाकीचं नंतर.

पैशांचा तपशील देते. माउई पाच रात्री, १८,५०० प्रमाणे ९२,५००. कवाई चार रात्री, १६,७५० प्रमाणे ६७,०००. एकूण १,५९,५००. त्यातले ५०,००० त्या कॉलनंतर लगेच. उरलेले १,०९,५०० चारच दिवसांत, कारण "दुसरी पार्टी थांबलीय". मग परत मिळणारं डिपॉझिट २५,०००. दोन खोल्यांच्या घराला हा दर कमी आहे असं मुलगा म्हणाला होता. त्यावर उत्तर तयार होतं, वेबसाइटचं कमिशन वाचतं ना. मग आठवड्याने कर मागितला, १८ टक्के, २८,७१०. आणि या करामुळेच आमचा उरलासुरला संशय गेला, कारण हवाईत मुक्कामावर राज्याचे आणि काउंटीचे कर मिळून खरंच साधारण तेवढे होतात. खोट्यात खरं कालवायचं ते असं.

१,०९,५०० एनईएफटीने पाठवताना खातेदाराचं नाव पडद्यावर आलं, कुठलेसे ट्रेडर्स. एप्रिल २०२५ पासून बँकांना हे नाव दाखवावं लागतं ते आपण वाचावं म्हणूनच. मी वाचलं, आणि लगेच फोन करून विचारलंसुद्धा. "आमचीच सिस्टर कंपनी," म्हणाला. अहो, मुक्कामाचे पैसे कापडाच्या नाहीतर भुसाराच्या खात्यात जात असतील तर तिथेच हात आवरा. खुलासा मागूच नका, खुलासा त्यांच्याकडे तयारच असतो.

शेवटचे २५,२०० बोटीचे. माउईहून कवाईला विमानाने कशाला जाता, सकाळची फेरी आहे, दोन तासांत पोहोचता, माणशी ४,२००. हे मी तपासलं. शोधलं तर हवाईतल्या सुपरफेरीचं जुनं पान निघालं, मोठ्या बोटीचा फोटो, गाड्या चढतायत, सगळं साग्रसंगीत. ती सेवा ओआहू आणि माउई या दोन बेटांच्या मध्ये होती, २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ मध्ये बंद पडली, हे त्या पानावर ठळक कुठे होतं? मी भरले पैसे.

रविवारी मुलाला सांगितलं तर तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "आई, माउईहून कवाईला बोट नाहीच. विमानानेच जावं लागतं." मधे तीनशे किलोमीटरच्या वर समुद्र आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जायला रो-रोला तास लागतो, आणि हा माणूस तीनशे किलोमीटर दोन तासांत पार करून देत होता. ज्याची घरं दोन्ही बेटांवर आहेत त्याला एवढंही माहीत नाही? मुलाने किहेईच्या त्या इमारतीच्या फ्रंट डेस्कला फोन लावला. त्या नंबरचं घर आहे, पण मालक वेगळेच आणि ते भाड्याने देतच नाहीत. पोइपूच्या इमारतीत तर त्या नंबरचं घरच नाही. हवाईत पर्यटकांना घर द्यायचं तर जाहिरातीत टीए ने सुरू होणारा कर-नोंदणी क्रमांक छापावाच लागतो. आमच्या दोन्ही व्हाउचरवर तो नव्हता. ही गोष्ट आधी सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून मी सांगतेय. तो नंबर मागा. आणि इमारतीचा फोन नंबर स्वतः शोधून लावा, त्याने दिलेल्या नंबरवर त्याचाच माणूस बोलेल.

त्याच रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोच मिळाली. पण पहिला हप्ता जाऊन तीन आठवडे उलटले होते. शेवटच्या हप्त्यातले ९,६०० रुपये त्या खात्यात गोठले, बाकी सगळे काढून झालेले.

पुढचे हाल त्या चोराने नाही केले, ते आपल्याच लोकांनी केले. घराजवळच्या चौकीत गेलो तर "हे सायबरचं आहे, तिकडे जा." सायबरचं काम बघणाऱ्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "तुम्ही त्याला प्रत्यक्ष भेटलात? मग हे सायबर कसं? ही साधी फसवणूक, चौकीत द्या." परत चौकी. आता म्हणे तुम्ही भेटलात तो कॅफे आमच्या हद्दीत नाही. त्या हद्दीत गेलो तर खातं दुसऱ्या राज्यातलं निघालं, आणि घर तर अमेरिकेत, "तिकडच्या पोलिसांना कळवा की." म्हणजे पैसे पुण्यातून गेले, घेणारा पुण्यात बसून बोलला, आणि तक्रार आम्ही माउईच्या पोलिसांकडे करायची! शेजारच्या वकिलांनी लिहून दिलं होतं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. तो कागद पुढे केला तर हवालदार म्हणाले, "ताई, कायदा आम्हाला शिकवू नका." ह्यांना मधुमेह आहे, जेवणाची वेळ टळून गेलेली, बाकड्यावर बसायला जागा नाही, आणि आत साहेब चहा पीत आमच्याच अर्जावर बशी ठेवून बसलेले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शेवटी लेखी अर्जावर शिक्का मिळाला. एफआयआर अजून नाही.

बँकेची तर आणखी तऱ्हा. "बेनिफिशियरी तुम्हीच जोडलात, ओटीपी तुम्हीच टाकलात, आमची जबाबदारी नाही." खातेदाराच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर ठराविक मुदतीत कळवल्यावर भरपाई, हा नियम आहे, पण आम्ही स्वतः पाठवले म्हणून तो लागू नाही. ठीक. पण माझ्या पेन्शनच्या खात्यासाठी आधार-पॅनच्या झेरॉक्स पुन्हा पुन्हा मागणाऱ्या या व्यवस्थेत त्या ट्रेडर्सचं खातं कुणी उघडलं, कुठली कागदपत्रं बघून? याचं उत्तर काउंटरवर कुणी देत नाही. लेखी तक्रार दिलीय, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. गोठलेले ९,६०० सुद्धा आपणहून परत येत नाहीत, त्यासाठीही अर्ज करावा लागतो. वकिलांनी त्याच्या बाणेरच्या ऑफिसच्या पत्त्यावर नोटीस पाठवली, ती परत आली. तिथे टेबल तासाच्या भाड्याने मिळतं.

व्याह्यांचा तिसरा वाटा होता, ७९,४७० रुपये. ते नको म्हणत होते, पण मी त्यांच्या खात्यात भरले, कारण त्यांनी ते माझ्या शब्दावर दिले होते. विहीणबाई एकच वाक्य बोलल्या, "तुम्ही तपासलं असेल असं वाटलं." मी तपासलंच होतं हो!

बुकिंग घरमालकाशी परस्पर करायचं असेलच तर पैसे क्रेडिट कार्डाने भरा, म्हणजे निदान वाद घालायला जागा राहते. परदेशातल्या घराचे पैसे रुपयांत, इथल्या चालू खात्यात कुणी मागितले की विषय संपवा. दोन मुक्कामांची क्लीनिंग फी एकदाच घेतो म्हणणारा खरा घरमालक मिळणं कठीण, कारण दोन्हीकडे झाडूपोछा करणारी माणसं वेगळी असतात.

गेल्या आठवड्यात नात्यातल्या एकीला तोच व्हिडिओ आला. तीच बाल्कनी, तीच निळी बादली, या खेपेला मॉरिशस म्हणून. मी तो पोलिसांना पाठवलाय, अजून उत्तर नाही. पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये कुणाकडे हा व्हिडिओ आला असेल, किंवा कुणी पैसे भरले असतील, तर लाज बाजूला ठेवून आजच १९३० ला फोन करा आणि चौकीत लेखी अर्ज द्या. शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. एकाच्या अर्जावर बशी ठेवता येते. त्याच खात्याविरुद्ध दहा जणांचे अर्ज आले तर गुन्हा नोंदवून घ्यावा लागेल, असं वकील म्हणतात, आणि मला त्यातला दुसरा अर्जदार हवाय.